समुद्राची पातळी मोजली ती कशाच्या तुलनेत? समुद्रपातळीवरील तीन शतकांचे संशोधन

दीपस्तंभ

१७३१ साली अँडर्स सेल्सिअसने (तापमापीमुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले, तोच हा) स्वीडनच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या लोवग्रुंड बेटावर एका खडकात तेव्हाच्या पाण्याच्या पातळीची खूण कोरून घेतली. समुद्र किती चढतो हे त्याला पाहायचे नव्हते. तो किती उतरतो हे पाहायचे होते. बोथनियाच्या आखाताकाठची जुनी बंदरे उथळ होत चालली होती, आणि पूर्वी ज्या खडकांवर सील विसावत असत ते खडक पाण्यापासून इतके वर गेले होते की सील तिथे फिरकेनासे झाले होते. शिकारीमुळे अशा खडकांना मोल असे आणि म्हणून त्यांचे जुने दस्तऐवज जपलेले होते. ते कागद आणि खडकांची उंची यांची सांगड घालून सेल्सिअसने पातळी उतरण्याचा वेग काढला आणि पाणी कमी होत चालले आहे असे अनुमान मांडले. निरीक्षण चोख होते, अनुमान फसले. पाणी घटत नव्हते, जमीन वर येत होती. हिमयुगातील बर्फाच्या ओझ्याखाली दबलेला तो सगळा प्रदेश, ओझे उतरून हजारो वर्षे लोटली तरी, अजून वर उचलला जात आहे. आखाताच्या उत्तर भागात हा वेग आजही वर्षाला सुमारे ९ मि.मी. आहे.

बर्फाच्या वजनाने जमीन दबते ही कल्पना स्कॉटलंडच्या थॉमस जेमिसनने १८६५ साली मांडली, म्हणजे सेल्सिअसनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. त्याआधी १८४२ मध्ये चार्ल्स मॅक्लॅरनने हिमयुगात बर्फात अडकलेल्या पाण्यामुळे समुद्र शेकडो फूट खाली गेला असला पाहिजे, असा हिशेब केला होता. हे दोन्ही विचार एकत्र ठेवले की आजच्या संशोधनाचा सांगाडा तयार होतो: एकाच कारणाने पाणीही हलते आणि जमीनही हलते, आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला फक्त या दोहोंतील फरक दिसतो.

हा धागा काढण्याचे कारण असे, की समुद्रपातळीचे संशोधन म्हणजे दर काही वर्षांनी वाढत जाणारे भीतिदायक आकडे, अशी समजूत वाचनात वारंवार येते. माझ्या मते या विषयातील खरी प्रगती आकडे मोठे होण्यात झालेली नाही. जमिनीची हालचाल, पाण्याची हालचाल आणि उपकरणांचे दोष एकमेकांपासून वेगळे काढता येऊ लागले, ही ती प्रगती आहे. आकडे त्या ओघात बदलले, काही वेळा खालीही आले.

सलग नोंदींकडे वळू. ॲमस्टरडॅमच्या नोंदी १७०० पासूनच्या आहेत, स्टॉकहोमच्या १७७४ पासूनच्या आणि फ्रान्समधील ब्रेस्ट येथील सलग नोंदी १८०७ पासूनच्या. सुरुवातीला माणूस खुणा केलेल्या पट्टीवर पाणी कुठे आले ते पाहून लिहून ठेवत असे. १८३१ मध्ये हेन्री पामरने टेम्स नदीच्या मुखाजवळ शीअरनेस येथे स्वयंचलित भरतीमापक बसवला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची दीडशे वर्षे जगभर हेच तत्त्व वापरले गेले. धक्क्यालगत एक उभी विहीर असते. तिच्यात खालच्या लहानशा छिद्रातून पाणी शिरते, त्यामुळे लाटांची खळबळ आत पोचत नाही, मात्र भरतीची संथ चढउतार पोचते. विहिरीत एक तरंगता गोळा, त्याला तार, तारेच्या टोकाला लेखणी आणि घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणाऱ्या दंडगोलावर गुंडाळलेला कागद. छिद्रात गाळ किंवा शिंपले साचले की नोंद बिघडते, घड्याळ मागे पडले की बिघडते, आणि धक्का खचला तर सगळी नोंदच चढी दिसू लागते. जुन्या नोंदी वापरणाऱ्या संशोधकाचा बराच वेळ गणितापेक्षा अशा गोष्टींचा माग काढण्यात जातो.

या मापकांचा हेतू हवामानाशी संबंधित नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. ते जहाजांसाठी होते. विल्यम ह्यूएलने १८३५ च्या जूनमध्ये अटलांटिकच्या दोन्ही काठांवरील शेकडो ठिकाणी एकाच वेळी भरतीची निरीक्षणे करवून घेतली, तीही भरतीचे कोडे उलगडण्यासाठी. आजचे अनुमान ज्या नोंदींवर उभे आहे त्यांतील बहुतेक नोंदी अशा दुसऱ्याच कामासाठी झालेल्या आहेत.

यातले मला सर्वांत भावणारे उदाहरण टास्मानियातील पोर्ट आर्थरचे. तेथील कैद्यांच्या वसाहतीत काम करणाऱ्या थॉमस लेम्प्रियर याने ध्रुवीय संशोधक जेम्स क्लार्क रॉस याच्या सूचनेशी संबंधित अशी एक आडवी खूण १ जुलै १८४१ रोजी आयल ऑफ द डेड या बेटावरील कड्यात कोरली. ती आजही जागेवर आहे. पण ती खूण नेमकी कोणत्या पातळीची? रॉसच्या लिखाणावरून ती सरासरी पातळीची वाटते. तसे असेल तर समुद्र त्यानंतर खाली गेला असे म्हणावे लागेल, आणि काहींनी तसे म्हटलेही. मात्र खुणेजवळच्या, आता हरवलेल्या शिलालेखात खूण कोरतानाची वेळ आणि त्या क्षणी मापकात दिसणारी पाण्याची उंची दिलेली होती. लेम्प्रियरच्या मूळ भरतीनोंदीही पुढे लंडनमधील जुन्या दप्तरात सापडल्या. त्या जुळवल्यावर उलगडा झाला की खूण सरासरी पातळीवर नव्हे, तर तिच्या बरीच वर, त्या वेळच्या चढत्या पाण्याशी कोरलेली होती. १८४१ ची सरासरी त्या खुणेखाली सुमारे ४४ सें.मी. होती आणि आजची सुमारे ३१ सें.मी. आहे, असे २००२ सालच्या अभ्यासात निघाले. म्हणजे तेथे पाणी सुमारे १३ सें.मी. चढले. खडकावरची एकच रेघ. तिचा संदर्भ बदलला की निष्कर्षाची दिशाच बदलते.

जगभरच्या नोंदी एकत्र ठेवण्यासाठी १९३३ साली सरासरी समुद्रपातळीची कायमस्वरूपी सेवा स्थापन झाली. ती आज लिव्हरपूलमधून चालते. बेनो गुटेनबर्गने १९४१ मध्ये उपलब्ध नोंदींवरून जागतिक वाढ वर्षाला सुमारे १.१ मि.मी. असल्याचे काढले. त्याच सुमारास, १९४० मध्ये, आइसलँडच्या सिगुर्दुर थोरारिनसनने वितळत्या हिमनद्यांचा वाटा वर्षाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास धरला होता. १९९१ मध्ये ब्रूस डग्लस यांनी गाळणी लावली: सहा दशकांहून लांब नोंद हवी, ठिकाण भूकंपप्रवण पट्ट्यात नको, आणि हिमयुगोत्तर जमीन-उचल गणिताने वजा करता आली पाहिजे. या अटींत मोजकी २१ केंद्रे उरली आणि त्यांवरून वर्षाला १.८ मि.मी. हा आकडा आला. केंद्रे कमी झाली आणि विश्वास वाढला, ही या विषयातली गंमत आहे.

उपग्रह, बर्फ आणि भाकिते यांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

शंकासुर

लेख आवडला, आणि पोर्ट आर्थरची हकिकत मला नवी होती. तरीही मूळ शंका कायम आहे. भूतकाळ मोजणे एक आणि भविष्य सांगणे दुसरे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अहवालात २१०० पर्यंत ५६ ते ३४५ सें.मी. इतकी वाढ सांगितली होती. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरील संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीच्या) १९९० च्या पहिल्या अहवालात मधला अंदाज ६५ सें.मी. झाला, १९९५ च्या दुसऱ्या अहवालात तो ४९ वर आला, २००७ मध्ये कक्षा १८ ते ५९ अशी झाली आणि २०२१ मध्ये तिचे वरचे टोक पुन्हा एक मीटरच्या पुढे गेले. खाली-वर होत राहणाऱ्या आकड्यांना प्रगती कशी म्हणायची? त्यातून एवढेच दिसते की कोणालाच नीट ठाऊक नाही.

दीपस्तंभ

शंका रास्त आहे आणि तुम्ही दिलेले आकडेही बरोबर आहेत. परंतु हे आकडे एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत.

१९८३ चा अहवाल बर्फाच्या थरांचे भौतिकशास्त्र हाताशी नसताना, शक्यतांची टोके धरून केलेला होता. १९९० नंतर महासागराचे उष्णतेने होणारे प्रसरण आणि पर्वतांवरील हिमनद्या यांचे गणित सुधारत गेले, म्हणून कक्षा आखडली. २००७ च्या अहवालाविषयी मात्र मोठा गैरसमज झाला. १८ ते ५९ सें.मी. या कक्षेत बर्फाच्या प्रवाहातील भावी जलद बदल धरलेले नव्हते, आणि ते धरलेले नाहीत असे अहवालातच लिहिले होते. कारण अगदी साधे होते: त्यासाठी विश्वासार्ह प्रारूपे (संगणकावर चालवायचे गणिती नमुने) तेव्हा नव्हती. वृत्तपत्रांनी मात्र ते वाक्य गाळून 'समुद्रवाढीचा अंदाज घटला' असे मथळे दिले. माझ्या दृष्टीने तो अहवाल प्रामाणिक होता, पण त्याची मांडणी फसली. जो घटक सर्वांत जास्त नुकसान करू शकतो तोच आकड्याबाहेर ठेवला आणि त्याची सूचना तळाशी दिली, तर वाचक आकडाच लक्षात ठेवणार.

त्याच वर्षी स्टेफान रामस्टॉर्फ यांनी दुसरी वाट धरली. तापमान आणि समुद्रपातळी यांच्यातील आजवरचा संबंध पुढे ताणून त्यांनी २१०० पर्यंत १९९० च्या तुलनेत अर्धा ते १.४ मीटर असा अंदाज काढला. या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली, कारण मागचा संबंध पुढेही तसाच राहील याची हमी नसते. पण त्या टीकेच्या ओघातच बर्फाच्या प्रारूपांकडे मनुष्यबळ आणि पैसा वळला, हे नाकारता येत नाही.

उत्तरायण

बर्फाविषयी थोडी भर घालतो, कारण २००७ चे मौन कुठून आले हे त्याशिवाय कळत नाही.

पश्चिम अंटार्क्टिकाचा मोठा भाग समुद्रसपाटीखालच्या खडकावर टेकलेला आहे, आणि तो खडक आत जाल तसा खोल होत जातो. अशा उतारावर बर्फाची कड मागे सरकू लागली की ती अधिक खोल पाण्यात, म्हणजे अधिक जाड बर्फावर येते, बर्फ अधिक वेगाने बाहेर वाहू लागतो आणि माघार स्वतःलाच खतपाणी घालते. योहानेस वीर्टमन यांनी हे गणित १९७४ मध्ये मांडले. १९७८ मध्ये जॉन मर्सर यांनी नेचर या नियतकालिकात लिहिले की कार्बन डायऑक्साइडमुळे तापमान वाढत राहिले तर पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ खचून समुद्र पाच मीटर चढू शकतो, आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील तरंगते बर्फाचे पट्टे तुटू लागणे ही त्याची पहिली खूण असेल. अनेक सहकाऱ्यांना तेव्हा हा अतिरेक वाटला.

२००२ च्या सुरुवातीला त्याच द्वीपकल्पावरचा लार्सन-बी हा पट्टा काही आठवड्यांत फुटला. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फाचा चुरा झाला. तरंगता बर्फ वितळून समुद्र फारसा चढत नाही, म्हणून घटना वरवर निरुपद्रवी वाटते. पण त्या पट्ट्याने मागच्या हिमनद्यांना अडवून धरले होते. तो आधार जाताच त्या हिमनद्या कितीतरी पटींनी वेगाने वाहू लागल्याचे उपग्रहांनी टिपले. बर्फाचा थर फक्त वरून हळूहळू वितळतो, या धारणेवर बेतलेली प्रारूपे या एका घटनेने अपुरी ठरवली. २००७ च्या अहवालाचे लेखक याच पेचात सापडले होते: जुने प्रारूप अपुरे ठरलेले आणि नवे हाती आलेले नाही.

त्यानंतरही प्रवास सरळ झाला नाही. २०१६ मध्ये रॉबर्ट डिकॉन्टो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी उंच बर्फाचे कडे स्वतःच्या भाराने कोसळण्याची प्रक्रिया प्रारूपात घेतली, तेव्हा एकट्या अंटार्क्टिकाचा वाटा या शतकात मीटरच्या वर जाऊ शकतो असे निघाले. पुढच्या सुधारित कामात या शतकापुरता तो अंदाज खाली आला. २०२१ च्या अहवालाने म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या: जास्तीत जास्त उत्सर्जन धरले तर २१०० पर्यंत ६३ ते १०१ सें.मी. ही संभाव्य कक्षा, आणि शक्यता कमी असली तरी नाकारता न येणारी, दोन मीटरच्या जवळ जाणारी वाढ. अनिश्चितता कुठे आहे हे नावानिशी सांगता येणे, हे मी प्रगतीचेच लक्षण मानतो.

शंकासुर

हे उत्तर पटण्यासारखे आहे. निदान आकडा खाली का आला आणि वर का गेला, याचे कारण सांगता येते, एवढे मान्य. आता उपग्रहांविषयी. हजारापेक्षा जास्त किलोमीटर उंचीवरून वर्षाला तीन मिलिमीटर मोजता येतात, हे मला अजूनही गळी उतरत नाही.

ओहोटी

एकट्या मोजमापाची अचूकता तेवढी नसतेच, हे आधी मान्य करू.

१९९२ च्या ऑगस्टमध्ये सोडलेला टोपेक्स/पोसायडन हा अमेरिका-फ्रान्सचा संयुक्त उपग्रह १,३३६ कि.मी. उंचीवरून फिरत होता आणि दर दहा दिवसांनी त्याच मार्गावर परत येत होता. तो रडारचा स्पंद खाली पाठवतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. हा वेळ एका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतो. त्या वेळेवरून अंतर निघते आणि उपग्रह स्वतः पृथ्वीच्या केंद्रापासून किती दूर आहे ते ठाऊक असेल तर पाण्याची उंची मिळते. मधल्या हवेतील बाष्पामुळे स्पंद मंदावतो, आयनांबरामुळे (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरामुळे) मंदावतो, लाटांच्या खळग्यांतून तो शिखरांपेक्षा जास्त परावर्तित होतो. या प्रत्येकासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते. एका ठिकाणच्या मोजमापात काही सेंटिमीटरांची चूक राहतेच. पण दर दहा दिवसांत लाखो मोजमापांची सरासरी घेतली की विस्कळीत चुका एकमेकींना छेद देतात. उरतात त्या एकाच दिशेने सरकणाऱ्या चुका, आणि खरा धोका त्यांचाच असतो.

अशा चुका झाल्याही. पहिल्या काही वर्षांत वाढीचा वेग प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त दिसत होता. १९९६ मध्ये उपग्रहावरील, वेळ मोजणाऱ्या दोलकाच्या दुरुस्तीचे गणित करणाऱ्या आज्ञावलीत दोष सापडला आणि आकडा खाली आला. दुसरी चूक जास्त चिवट होती. टोपेक्सचे पहिले रडार हळूहळू बिघडत गेले आणि १९९९ मध्ये राखीव रडार सुरू करावे लागले. पहिल्या रडारच्या काळातील वेग थोडा फुगलेला आहे, हे किनाऱ्यावरच्या भरतीमापकांशी पद्धतशीर तुलना केल्यावर २०१५ च्या सुमारास ठामपणे पुढे आले. आधीचा वेग कमी केल्यावर नंतरची वाढ आपोआप ठळक झाली: २०१८ मध्ये स्टीव्ह नेरेम आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वेग स्वतःच दर वर्षी सुमारे ०.०८४ मि.मी.ने वाढत आहे. उपग्रहांच्या नोंदीनुसार १९९३ च्या सुमारास वर्षाला २ मि.मी.च्या थोडा वर असलेला वेग २०२३ पर्यंत ४.५ मि.मी.च्या आसपास पोचला आणि या काळात पाणी एकूण सुमारे ११ सें.मी. चढले.

म्हणजे ज्या जुन्या तरंगत्या गोळ्यांना उपग्रहांनी निवृत्त केले असे आपण समजतो, त्यांनीच उपग्रहांची चूक पकडली. पुढे जेसन मालिकेतील तीन उपग्रह आणि २०२० मधील सेंटिनल-६ यांना मुद्दाम त्याच कक्षेत आणून, काही महिने एकमेकांच्या पाठोपाठ उडवून, नवा आणि जुना यांची मोजमापे जुळवून घेतली गेली, तीही याच कारणाने.

वाळूघड्याळ

विसाव्या शतकातील आकडाही नंतर बदलला, तो कसा?

दीपस्तंभ

होय. डग्लस यांच्या १.८ च्या जागी २०१५ मध्ये कार्लिंग हे आणि सहकाऱ्यांनी १९०१ ते १९९० या काळासाठी वर्षाला १.२ मि.मी. असा आकडा काढला. केंद्रे उत्तर गोलार्धात दाटीने आणि दक्षिणेत विरळ आहेत, याची दखल घेणारी वेगळी सांख्यिकी पद्धत त्यांनी वापरली होती. शंकासुर यांच्या मुद्द्याला हे चांगले उत्तर आहे: भूतकाळाचा आकडा खाली आला, आणि त्यामुळे नंतरच्या वाढीचा वेग अधिक चिंताजनक दिसू लागला. २०२१ च्या अहवालात १९०१ ते १९७१ साठी वर्षाला १.३ मि.मी., १९७१ ते २००६ साठी १.९ आणि २००६ ते २०१८ साठी ३.७ असे मध्य अंदाज आहेत.

यामागे एक जुना पेचही होता. २००२ मध्ये वॉल्टर मंक यांनी विसाव्या शतकातील समुद्रपातळीला उघडपणे कोडे म्हटले, कारण जमाखर्च जुळत नव्हता. भरतीमापक जेवढी वाढ दाखवत होते, तेवढे पाणी ना प्रसरणातून मिळत होते ना बर्फातून.

कालवा

त्या जमाखर्चावर लिहितो. माझ्या मते या विषयातील सर्वांत भरीव काम इथेच झाले आहे.

समुद्र चढण्याची मुख्य कारणे दोन: पाणी तापून फुगणे आणि जमिनीवरचे पाणी समुद्रात येणे. पहिले मोजायला समुद्राच्या पोटातले तापमान हवे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम बव्हंशी जहाजावरून टाकल्या जाणाऱ्या एका लहान फेकाऊ शोधकाने होत असे. तो बारीक तारेला बांधलेला असतो, पडता पडता तापमान कळवतो आणि तार संपली की तुटून तळाला जातो. त्याला दाबमापक नसतो. तो किती खोल गेला ते पडायला लागलेल्या वेळेवरून ठरवतात. पडण्याचा वेग गृहीतापेक्षा थोडा वेगळा असेल तर प्रत्येक तापमान चुकीच्या खोलीवर नोंदले जाते, आणि उत्पादनागणिक हा वेग बदलत होता. २००७ मध्ये ही चूक ठळकपणे मांडली गेली. १९७० च्या दशकात समुद्र अचानक तापून पुन्हा निवल्यासारखा दिसे, त्यातील बराच भाग या चुकीचा होता. २००८ मध्ये कातिया डोमिंगेस आणि सहकाऱ्यांनी दुरुस्त नोंदी वापरल्या, तेव्हा १९६१ ते २००३ या काळात वरच्या थरांचे तापणे आधीच्या अंदाजांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाले आणि जमाखर्चातली तूट बरीच भरून आली.

आर्गो हे स्वयंचलित तरंगते मापक २००० च्या सुमारास समुद्रात सोडले जाऊ लागले आणि २००७ मध्ये त्यांची संख्या ३,००० झाली. मापक दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीवरून वर येतो, वाटेत तापमान व क्षारता मोजतो आणि पृष्ठभागावरून उपग्रहाला कळवतो. यांच्यातही घोळ झाला. २००६ मध्ये वरचा समुद्र २००३ नंतर निवत असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षभरात उलगडले की काही मापकांत दाबाची नोंद सदोष होती आणि फेकाऊ शोधकांचीही चूक त्यात मिसळली होती. हा निष्कर्ष संशयास्पद ठरण्यामागे समुद्रपातळीचाही हात होता: समुद्र निवत असता तर पातळी उपग्रहांना दिसत होती तशी चढत राहिली नसती.

दुसऱ्या कारणासाठी, म्हणजे जमिनीवरून आलेल्या पाण्यासाठी, मार्च २००२ मध्ये ग्रेस ही उपग्रहांची जोडी सोडली गेली. दोघांत सुमारे २२० कि.मी. अंतर, पुढचा उपग्रह जास्त वस्तुमानाच्या प्रदेशाजवळ आला की किंचित पुढे ओढला जातो आणि अंतर बदलते, ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. त्यावरून ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका महिन्यागणिक किती बर्फ गमावतात हे थेट कळू लागले. सुमारे ३६० अब्ज टन बर्फ वितळला की जगाचा समुद्र १ मि.मी. चढतो, एवढे लक्षात ठेवले की बातम्यांतील आकड्यांचा अर्थ लावता येतो.

खर्चाच्या बाजूला एक अनपेक्षित नोंद निघाली: धरणे. २००८ मध्ये बेंजामिन चाओ आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या धरणांत अडवलेल्या पाण्याचा हिशेब केला. ते सुमारे १०,८०० घन कि.मी. भरले, म्हणजे समुद्रपातळीत जवळजवळ ३ सें.मी.ची घट. धरणबांधणीचा जोर असताना समुद्र जेवढा चढायला हवा होता तेवढा चढला नाही, याचे एक कारण हे. २०२० मध्ये थॉमस फ्रेडेरिक्सा आणि सहकाऱ्यांनी हे सारे घटक एकत्र मांडले आणि १९०० पासूनचा जमाखर्च जुळतो असे दाखवले. मंक यांचे कोडे सुटायला अठरा वर्षे लागली.

शंकासुर

२०१०-११ मध्ये पातळी खाली आली होती, तिचे स्पष्टीकरण या हिशेबात बसते का?

कालवा

बसते, आणि फार नेटकेपणाने बसते. जवळजवळ ५ मि.मी. घट झाली होती. तेव्हा ला निन्या (प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याचा टप्पा) प्रभावी होता आणि ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आदी ठिकाणी प्रचंड पाऊस पडला. ग्रेसच्या मोजमापात नेमक्या त्याच प्रदेशांचे वस्तुमान वाढलेले दिसले. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील पाणी नद्यांवाटे समुद्राला सहज मिळत नाही, त्यामुळे ते काही काळ तिथेच अडकून राहिले. नंतर पातळी पूर्वीच्या चढावर परतली.

वाळूघड्याळ

जागतिक सरासरी समजली. पण प्रत्यक्ष किनाऱ्यावर तीच वाढ मिळते का?

उत्तरायण

नाही, आणि याचे एक कारण अतिशय चमत्कारिक आहे. बर्फाचा प्रचंड थर आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की ओढ कमी होते आणि पाणी दूर जाते. ग्रीनलँड वितळला तर त्याच्या सुमारे २,००० कि.मी. परिघात पातळी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढते. म्हणजे उत्तर युरोपला ग्रीनलँडपेक्षा अंटार्क्टिकाच्या बर्फाची चिंता जास्त असायला हवी. या विचाराची बीजे एकोणिसाव्या शतकातील आहेत. विल्यम फॅरेल आणि जेम्स क्लार्क यांनी १९७६ मध्ये त्याचे पूर्ण गणित मांडले, आणि २००१ मध्ये जेरी मित्रोव्हिका व सहकाऱ्यांनी ते भरतीमापकांच्या नोंदींना लावून दाखवले.

दुसरे कारण मानवनिर्मित आहे. नदीमुखांवरील शहरांत भूजल उपसल्याने जमीन खचते. रॉबर्ट निकोल्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये किनारी लोकसंख्येच्या प्रमाणात सरासरी काढली, तेव्हा माणसांच्या वाट्याला येणारी सापेक्ष वाढ वर्षाला ७.८ ते ९.९ मि.मी. निघाली, कारण लोक खचणाऱ्या जमिनीवरच दाटीने राहतात. सेल्सिअसच्या खडकाच्या अगदी उलट परिस्थिती.

जाता जाता फार जुन्या काळाविषयीही लिहितो. १९८९ मध्ये रिचर्ड फेअरबँक्स यांनी बार्बाडोसजवळ समुद्रतळ खोदून, फक्त उथळ पाण्यात वाढणाऱ्या प्रवाळाचे नमुने काढले. त्यांचे वय आणि खोली यांवरून हिमयुगाच्या परमावधीत समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता हे ठरले. ताहितीच्या प्रवाळांवरून २०१२ मध्ये असे निघाले की सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी समुद्र साडेतीनशे वर्षांच्या आत १४ ते १८ मीटर चढला. बर्फ किती वेगाने जाऊ शकतो, याचा हा निसर्गातील दाखला. याउलट गेल्या तीन हजार वर्षांत समुद्र जवळजवळ स्थिर होता. खाजणांतील गाळात सापडणाऱ्या फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून हे कळते, कारण त्यांच्या जाती भरतीच्या पातळीनुसार पट्ट्यापट्ट्यांत राहतात. बॉब कॉप आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा अनेक नोंदी एकत्र केल्या, तेव्हा विसाव्या शतकातील वाढ आधीच्या सत्तावीस शतकांतील कोणत्याही शतकापेक्षा वेगवान असण्याची शक्यता अत्यंत प्रबळ ठरली.

वाळूघड्याळ

सर्वांचे आभार. मी लिव्हरपूलच्या सेवेच्या संकेतस्थळावरून काही केंद्रांचे मासिक आकडे उतरवून घेतले. बहुतेक ठिकाणी पातळी ७,००० मि.मी.च्या आसपास दिसते. ही कोणत्या तळापासूनची उंची?

दीपस्तंभ

तो कोणताही खरा तळ नाही. प्रत्येक केंद्राची संदर्भपातळी तेथील सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे ७ मीटर खाली कल्पिलेली आहे, म्हणजे मासिक आकडे कधी ऋण होत नाहीत. त्यामुळे दोन केंद्रांचे आकडे एकमेकांशी ताडून कुठला समुद्र उंच आहे असे ठरवू नका. एका केंद्राचा आकडा त्याच केंद्राच्या जुन्या आकड्याशीच ताडायचा. दुसरे, या सेवेकडे दोन प्रकारच्या मालिका असतात. मापकाची उंची जमिनीवरील पक्क्या खुणेशी वेळोवेळी ताडून सलग केलेली मालिकाच कल काढण्यासाठी वापरा. कच्च्या मालिकेत मापक हलवला गेल्यामुळे आलेली उडी समुद्राची उडी म्हणून दिसेल. केंद्राच्या पानावर त्याच्या इतिहासाच्या नोंदी असतात, त्या आकड्यांच्या आधी वाचा. आणि निदान पन्नास-साठ वर्षांची नोंद नसेल तर रेषा काढली तरी तिच्यावर फार भार टाकू नका, कारण एल निन्यासारखे आणि त्याहून दीर्घ मुदतीचे चढउतार त्याहून कमी काळात पुरते निवलेले नसतात.

वाळूघड्याळ

स्टॉकहोमची मालिका घेतली होती. पातळी उतरताना दिसते.

दीपस्तंभ

तशीच दिसली पाहिजे. पण तिथला उतार विसाव्या शतकात एकोणिसाव्यापेक्षा मंदावला आहे का, तेवढे तपासून इथे लिहा. जमिनीची उचल या काळात बदललेली नाही, त्यामुळे जो फरक निघेल तो पाण्याचा.